एकटीने केरळला जायचं तर तेरा हजार जास्त काहून?

प्रश्न दारव्ह्याकडच्या एका ताईंचा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून ५८ पूर्ण करून नुकत्याच निवृत्त झाल्या. मिस्टर नाहीत, मुलगा पुण्यात, त्याला सुट्टी नाही. केरळची सात रात्रींची सहल विचारली तर कंपनीने माणशी ३४,००० सांगितले. "मी एकटीच आहे" म्हटल्याबरोबर भाव झाला ४७,०००. "दादा, बसमध्ये सीट एकच, ताट एकच, मग तेरा हजार कशाचे? एकटं असण्याचा दंड घेऊन राहिले का हे लोक?" असं त्यांनी विचारलं. मी यवतमाळ जिल्ह्यात बऱ्याच वर्षांपासून यात्रा आणि सहली काढतो, म्हणजे हे पैसे मागणाऱ्यांपैकीच आहे. तर काउंटरच्या आतल्या बाजूने उत्तर देतो.

ताई, दंड नाही. पण सांगितलेला आकडा पूर्ण खराही नाही.

३४,००० हा भाव 'ट्विन शेअरिंग'चा आहे. पत्रकात खाली बारीक अक्षरात ते लिहिलेलं असते. एका खोलीत दोघं झोपणार हे धरूनच तो काढतात. हॉटेलवाला आम्हाला खोली देते, पलंगाची एक बाजू देत नाही. आत एक जण झोपला काय अन् दोघं झोपले काय, त्याला चादरी धुवायच्याच आहेत, एसी चालवायचाच आहे. फरक पडला तर एका नाश्त्याचा. म्हणून तुमच्या खोलीतला दुसऱ्याचा अर्धा वाटा तुमच्यावर येते. धंद्यात याला 'सिंगल सप्लिमेंट' म्हणतात.

आता त्याचा हिशेब करू. अशा सहलीतली साधी बरी हॉटेलं ग्रुपला ३,००० रुपये खोली या भावाने पडली असं धरा. अर्धे १,५००. सात रात्रींचे १०,५००. सहलीच्या बिलावर ५ टक्के जीएसटी लागतो, तो धरून ११,०२५. म्हणजे तेरा हजारांतले अकरा खरे, वरचे दोन कंपनीने गोल केले. बसचं सीट, जेवण, प्रवेश तिकिटं, टूर मॅनेजरचा खर्च हे सगळं आधीच माणशी असते. एकटं असल्याने त्यात एक रुपया वाढत नाही. म्हणून कोणी "सिंगलला चाळीस टक्के जास्त" असं टक्क्यात बोलला की समजा, त्याने हिशेब केलेला नाही. त्याला शांतपणे विचारायचं, जादा रक्कम एका रात्रीला किती पडली आणि हॉटेल कोणतं? रात्रीप्रमाणे उत्तर मागितलं की समोरच्याचा आवाज बदलते. आणखी एक. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुनंच पत्रक दाखवून जुनाच भाव लावत असतील, तर हेही विचारा.

दोन हजार कमी करून घेणं सोपं आहे. अकरा हजार वाचवायचे तर खोलीत दुसरं माणूस पाहिजे, नाहीतर खोलीच्या हिशेबाने विकल्या जाणाऱ्या गोष्टी टाळायच्या. तिसरा रस्ता मला तरी माहीत नाही.

आधी दुसऱ्या माणसाचं सांगतो, कारण इथे लोकांना आतली गोष्ट ठाऊक नसते. सहल निघायच्या आठ-दहा दिवस आधी आमच्याकडे 'रूमिंग लिस्ट' बनते. माझी अजूनही वहीत, पेन्सिलीने. वर जोडपी. मग आई-बाप आणि पोरगा, म्हणजे एक खोली अन् एक एक्स्ट्रा बेड. मग दोघी बहिणी, दोघे साडू. सगळ्यांत खाली मी दोन आकडे लिहितो, सुट्या बाया किती आणि सुटे माणसं किती. सुट्या बाया सात आल्या की माझं डोकं दुखायला लागते, कारण सातवी एक तर जादा पैसे देणार, नाहीतर जाणंच रद्द करणार. आठवी आली की सगळं सुटते. म्हणजे तुम्ही एकट्या आहात ही कधी कधी कंपनीचीच गरज असते. म्हणून फोनवर "सिंगलचे किती?" असं विचारूच नका. "तुमच्या या तारखेच्या लिस्टमध्ये सुट्या बाया किती आहेत?" असं विचारा. आकडा विषम असला तर तुमची बाजू जड. सम असला तर पुढची तारीख विचारा. तुम्ही निवृत्त आहात, दिवाळी अन् उन्हाळ्याच्या सुट्टीला बांधलेल्या नाही. हे मोठं भांडवल आहे, ते वापरा.

काही कंपन्या जोडीदार लावून द्यायची हमी घेतात. म्हणजे जोडीदार मिळाला नाही तरी तुम्हाला जादा पैसे पडत नाहीत, खोली त्यांच्या खर्चाने एकटीला मिळते. काही कंपन्या नुसतं "प्रयत्न करू" म्हणतात आणि शेवटच्या आठवड्यात फरक मागतात. दोन्हीला बोलताना 'शेअरिंग'च म्हणतात, म्हणून यातलं कोणतं ते आधी लिहून घ्या. पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांच्या खास महिलांच्या सहली असतात. तिथे एकट्या येणाऱ्या बायाच जास्त, त्यामुळे जोडी लागणं सोपं जाते. नागपूरहून प्रवासी घेतात का तेवढं पाहा. सहल मुंबईहून सुरू होत असेल तर तिथवर जाण्या-येण्याचा आणि एखाद्या रात्रीच्या मुक्कामाचा खर्च वाचवलेल्या पैशांत मिळवून बघा. पुष्कळदा वाचलेले सगळे तिथेच जातात.

जोडीदार ठरली की निघायच्या आधी तिच्याशी फोनवर बोला, कंपनीकडून नंबर मागून. घोरता का, रात्री लाइट लागतो का, पहाटे किती वाजता उठता, पूजेला किती वेळ लागते, हे सगळं विचारायला लाजू नका. आणि एसीचं विचाराच. आपण मे महिन्यात कूलरसमोर पाणी शिंपडून झोपणारी माणसं. एसी दिसला की कोणी तो सोळावर नेऊन ठेवते अन् दुसरी रात्रभर शालीत कुडकुडते. माझ्याकडे येणाऱ्या खोलीतल्या तक्रारींत पैशांपेक्षा एसीच्या तक्रारी जास्त असतात.

अनोळखी बाई नकोच वाटत असेल तर आपल्याच माणसांत बघा. डीएडच्या मैत्रिणी, बचत गट, भजनी मंडळ. दोघीच कशाला, तिघी जा. तिसऱ्या पलंगाचा भाव पहिल्या दोघींपेक्षा कमी असते, म्हणून 'ट्रिपल शेअरिंग' सर्वांत स्वस्त पडते. आयआरसीटीसीच्या पॅकेजच्या तक्त्यात सिंगल, डबल आणि ट्रिपल असे तीन वेगळे भाव छापलेले असतात. तो तक्ता एकदा उघडून पाहा. कोणतंही पॅकेज घ्यायचं नसलं तरी एकटीचा जादा पैसा साधारण किती असतो, याचा अंदाज फुकटात येते.

आपल्याकडच्या जुन्या यात्रा बसमध्ये हा प्रश्नच नव्हता. काशी, गिरनार, चारधाम. बसच्या मागे गॅस-शेगडी अन् पातेली, सोबत आचारी, मुक्काम धर्मशाळेच्या हॉलमध्ये, सतरंज्या टाकून बाया एका बाजूला आणि माणसं दुसऱ्या बाजूला. तिथे एकच भाव असते, सीटचा. पुढचं सीट थोडं महाग, चाकावरचं स्वस्त. विधवा बाया, एकटे म्हातारे, सगळे त्याच भावात जायचे, अजूनही जातात. खोली आली, कमोड आला, एसी आला आणि त्यासोबत एकटीचा जादा भाव आला. तुम्हाला हॉल चालत असेल तर अशी यात्रा बस आजही सर्वांत स्वस्त आहे. पण गुडघे दुखत असतील तर नका जाऊ. जमिनीवरून उठता-बसता सहल संपते.

आता दुसरा रस्ता, स्वतःच जायचं आणि माणशी विकल्या जाणाऱ्या गोष्टीच घ्यायच्या. केरळ त्यासाठी चांगलं राज्य आहे.

रेल्वेपासून सुरुवात करा, कारण रेल्वेत एकट्याचा फायदा आहे. ४५ वर्षांवरच्या बायांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असते. तो एकटी प्रवास करणारीला किंवा एका तिकिटावर त्याच अटीत बसणाऱ्या दोघांनाच मिळते. नात-नातू, मुलगा-सून असं सगळं एका तिकिटावर काढलं की तो कोटा लागत नाही. तुम्ही एकट्या, वय ५८, तुम्हाला तो सरळ लागू आहे. तिकीट काढताना जनरल सोडून 'लोअर बर्थ/सिनियर सिटिझन' हा कोटा निवडायचा. पूर्वी याच वयाच्या बाईला भाड्यातही निम्मी सूट होती, ती मार्च २०२० पासून बंद आहे. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते. पहिल्या दिवशीच बसा.

नागपूर किंवा बल्लारशाहहून केरळा एक्सप्रेस पकडली की साधारण दीड दिवसाने कोट्टायम येते. पॅकेजवाले पुढे अलप्पुळाला हाउसबोटवर नेतात आणि एकटीला खरा फटका तिथे बसते. हाउसबोट आख्खी भाड्याने घ्यायची असते. एका बेडरूमची बोट घेतली तरी आचारी, खलाशी, डिझेल सगळं तुमच्या एकटीच्या डोक्यावर. आता कोट्टायम ते अलप्पुळा हाच पाण्याचा रस्ता केरळच्या राज्य जलवाहतूक विभागाच्या बोटीने करता येते. आपल्या एसटीसारखी ती बोट आहे. शाळेची पोरं, भाजीवाल्या बाया, सायकली, सगळं तिच्यात चढते. अडीच तासांच्या आसपास लागते आणि तिकीट दहा-दहाच्या काही नोटांत भागते. कुट्टनाडचे कालवे लागतात. तिथे धानाची शेतं समुद्रसपाटीच्या खाली आहेत. बोट वर तरंगून राहिली अन् बांधापलीकडे धान खाली, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आपल्याला पटत नाही. कधी जलपर्णी साचली की बोट नेहमीच्या जेट्टीवरून सुटत नाही, म्हणून उतरल्यावर आधी चौकशी करा. हाउसबोटीत रात्रभर झोपल्याने यापेक्षा जास्त काही दिसते, असं मला वाटत नाही. संध्याकाळी बोटी बांधूनच ठेवतात.

मुन्नारला इरविकुलम राष्ट्रीय उद्यानात वनविभागाची बस आहे, तिकीट माणशी. निलगिरी ताहर, म्हणजे तिथले डोंगरी बकरे, रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लांच्या काळात उद्यान बंद असते. तेव्हा जाऊन वांधा करून घेऊ नका. तिथल्या एसटीची, म्हणजे केएसआरटीसीची, आसपास फिरवणारी बसही माणशी तिकिटावर चालते. टॅक्सी घेतली तर आख्खी गाडी तुमचीच. याच केएसआरटीसीने २०२० मध्ये मुन्नार डेपोत जुन्या बसमध्येच झोपायचे बर्थ करून दिले. एका बर्थला अगदी थोडे पैसे. कॉलेजच्या पोरांना मी ते सांगतो, तुम्हाला सांगणार नाही. रात्री थंडीत उठून डेपोच्या बाथरूमला जावं लागते. तेक्कडीला पेरियार तलावातली बोट माणशी तिकिटाची आहे, कथकलीचा प्रयोगही तसाच.

शेवटी कन्याकुमारी. विवेकानंद केंद्राच्या विवेकानंदपुरममध्ये खोल्याही आहेत आणि डॉरमेटरीही. डॉरमेटरीत भाव पलंगाचा असल्याने एकट्याचं काही अडत नाही. शिलास्मारक १९७० मध्ये उभं करणारे एकनाथजी रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे. तिथे गेल्यावर हे सांगितलं की आपल्याकडच्या माणसांची छाती फुगते, म्हणून मी प्रत्येक ग्रुपला सांगतो.

मुक्काम जिथे खोलीचाच घ्यायचा, तिथे ऑनलाइन भाव दोन माणसांचा दिसते. 'एक प्रौढ' निवडून पाहा, थोडा उतरते. मग त्याच हॉटेलला थेट फोन करून सिंगलचा भाव विचारा. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सिझन नसताना, रिकामी खोली पडून राहण्यापेक्षा त्याला तुम्ही बऱ्या वाटता. केरळच्या शाळांना सुट्टी एप्रिल-मेमध्ये असते, तेव्हा मुन्नारला तिथलीच गर्दी असते. डिसेंबर-जानेवारीत सगळा देश तिथे असते. या दोन्हींच्या मधले आठवडे धरा.

सगळीकडे एकट्याला खोली मिळतेच असं नाही, हे आधी माहीत असलेलं बरं. पुष्कळ देवस्थानांची भक्तनिवासं एकट्याला खोली देत नाहीत, हॉलमध्ये जागा आणि लॉकर देतात. काही लॉजवालेही एकटी बाई किंवा एकटा माणूस दिसला की "फुल आहे" म्हणतात. एकट्या माणसाने खोलीत जिवाचं काही बरंवाईट केलं तर पोलीस आपल्याला धरतील, ही त्यामागची भीती. आपल्या भागात ही भीती कुठून आली ते सांगायला नको. यावर उपाय एकच. आधी फोन करायचा, एकटी आहे हे सांगायचं, नाव लिहून घ्यायला लावायचं, आणि पोहोचल्यावर आधार कार्ड पुढे करायचं. जिल्ह्याच्या गावी एसटी स्टँडजवळच्या जुन्या लॉजमध्ये अजून खऱ्याखुऱ्या सिंगल खोल्या असतात, एक पलंग अन् एक टेबल, औषध कंपन्यांच्या माणसांसाठी बांधलेल्या. त्यांचा भाव डबलच्या निम्म्याजवळ असते. पण पहिल्यांदा एकट्याने जाणाऱ्या बाईला मी स्टँडजवळच्या लॉजपेक्षा सेवाग्रामसारख्या ठिकाणचं यात्री निवास सुचवीन.

थोडं जवळचंही सांगतो, कारण एकदम केरळच्या आधी एक-दोन रात्री घराबाहेर एकटं राहून पाहणं शहाणपणाचं. एसटीत तुम्हाला मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहेच. परतवाड्यावरून बसने चिखलदरा गाठा, सोमवार ते गुरुवार. शनिवारी-रविवारी, त्यातही पावसाळ्यात, तिथे अमरावती-अकोल्याच्या गाड्यांची रांग लागते आणि खोलीवाले बोलायलाही तयार नसतात. मंगळवारी तीच खोली पुष्कळ कमी भावात मिळते, भीमकुंडावर शांतता असते. ताडोबा मात्र एकट्याला महाग. जिप्सी सहा जणांची, भाडं आख्ख्या गाडीचं. मोहर्लीहून कँटर, म्हणजे मोठी उघडी गाडी, सुटते, त्यात सीटप्रमाणे पैसे पडतात. नाहीतर ज्या रिसॉर्टमध्ये उतराल त्यांना सांगून ठेवा की जिप्सीत एखादी जागा रिकामी असली तर मला घ्या. मंगळवारी ताडोबा बंद असते, तेवढं लक्षात ठेवा.

काही रात्री मात्र पैसे वाचवायला जाऊच नका. गाडी रात्री दहानंतर पोहोचत असेल तर ती पहिली रात्र स्टेशनजवळच्या चांगल्या हॉटेलात, एकटीच्या खोलीत, पूर्ण भाव देऊन काढा. नाहीतर त्याच स्टेशनवरची रिटायरिंग रूम पीएनआर नंबरवर आधी बुक करा. बीपीची, शुगरची गोळी चालू असेल, रात्री चार वेळा उठावं लागत असेल, तर शेअरिंगच्या भानगडीत पडू नका. त्या अकरा हजारांत झोप मिळते. आमच्याकडे येणाऱ्या काही बाया ते पैसे हसत देतात. सगळ्या घराचं करता करता आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली म्हणतात. त्यांना मी शेअरिंग सुचवायचं सोडून दिलं आहे.

तुमच्याबद्दल विचाराल तर, पहिली खेप आहे म्हणून कंपनीसोबतच जा, पण शेअरिंगने. सुट्या बायांचा आकडा विचारून तारीख निवडा. जोडीदार नाहीच मिळाली तर ११,००० वर सौदा तोडा, त्याच्या वर जाऊ नका. स्वतःच्या हिंमतीवरचं केरळ दुसऱ्या खेपेला ठेवा.

ॲडव्हान्स भरायच्या आधी कंपनीकडून व्हॉट्सॲपवर तीन गोष्टी लिहून घ्या. जोडीदार मिळाली नाही तर नेमके किती रुपये जादा, ते कोणत्या तारखेपर्यंत सांगणार, आणि ठरलेली जोडीदार ऐन वेळी आली नाही तर तिच्या अर्ध्या खोलीचे पैसे कोण भरणार. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक जण टाळतात, आणि जास्तीत जास्त भांडणं त्यावरच होतात. बाई तापाने आडवी पडली, तिचे पैसे कंपनीने कापून ठेवले, आणि वर तिच्या जोडीदारालाही सिंगलचा फरक मागितला, असं चालते. एकाच अर्ध्या खोलीचे पैसे दोघींकडून घेता येत नाहीत. हे वाक्य जसंच्या तसं त्यांना पाठवा आणि "बरोबर" असं उत्तर आल्यावरच पैसे टाका.